सत्ताविसावी सही

१८ जानेवारी २०२५, शनिवार

जाईला फ्रान्स हवा होता. मिळाला उत्तर मॅसिडोनिया!

चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर आपटली आणि फ्रिज उघडून उभी राहिली. रागावली की ती काहीच न घेता फ्रिजमध्ये बघत राहते — थेट तिच्या बाबांसारखी, विक्रमसारखी. "आई, नोबडी इव्हन नोज व्हेअर इट इज!" मलाही माहीत नव्हतं. पण ते तिला कशाला सांगू!

मार्चच्या पंधरा-सोळाला ओटावात कॉलेजच्या मुलांची सभा आहे. युरोपियन युनियनची नक्कल. सत्तावीस मुलं सत्तावीस सदस्य देश होणार. बाकीची काही मुलं बाहेरचे देश, आत येऊ बघणारे — उमेदवार. जाई उमेदवार. फ्रान्स झाली असती तर खुर्चीत बसून मान हलवली की झालं. आता दारात उभं राहून सत्तावीस जणांना पटवायचं, की आम्हाला आत घ्या.

"मी मदत करते," मी म्हटलं.

"यू?"

पण 'नको' म्हणाली नाही! अठरा वर्षांच्या मुलीकडून हे म्हणजे आमंत्रणच.

१९ जानेवारी

काल एक गोष्ट लिहायची टाळली. आज लिहितेच.

नंदनने एक तारखेला विचारलं. "मी ब्रॉसार्डला, तुमच्याकडे येतो राहायला. लग्न करून, रीतसर. काम काय, मी कुठूनही करीन." तो एकोणपन्नास, मी सेहेचाळीस. गेली दोन वर्षं एका शनिवाराआड हा माणूस ओटावाहून दोन तास गाडी चालवत येतो, जेवतो, भांडी घासतो आणि परत जातो. विक्रम जाऊन येत्या मार्चमध्ये सहा वर्षं होतील.

मी म्हटलं, जाई हो म्हणेल तेव्हाच. एक दिवसही आधी नाही.

"अन् ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

नागपूरचा माणूस, हसलाच. "म्हणजे व्हेटो आहे पोरीला!"

हसला खरा. पण जाईने तिचं उत्तर डिसेंबरमध्येच दिलंय. तो जेवून गेल्यावर, कोणी विचारलं नसताना म्हणाली, "ही इज फाइन, आई. पण इथे राहायला नको. हे बाबांचं घर आहे." हे मी नंदनला सांगितलेलं नाही. आणि नंदनने विचारलंय हे जाईला सांगितलेलं नाही. दोघांच्या मध्ये मी, पोस्टात अडकलेल्या पाकिटासारखी.

२३ जानेवारी, गुरुवार

लायब्ररीत आज परतीच्या पुस्तकांची गाडी तशीच राहिली. मी वाचत बसले! जिनेतने — माझ्या शेजारच्या डेस्कवर असते, पुढच्या वर्षी रिटायर होईल — कुठूनतरी तीन पुस्तकं आणून दिली, दोन फ्रेंच. "तू देश घेणार आहेस का एखादा?" म्हणाली.

मला वाटायचं, देशाने अर्ज करायचा, मत घ्यायचं, झालं. छे! अर्जानंतर आधी उमेदवार म्हणून मान्यता. मग तपासणी — देशाचे कायदे घेऊन दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात आणि एकेक कायदा वाचतात. कोर्टं कशी चालतात. सरकारी कामाची टेंडरं कशी निघतात. दुधाची तपासणी कोण करतं. नदीत काय सोडतात. पस्तीस प्रकरणं! प्रत्येक प्रकरण आधी 'उघडायचं', मग काम करून 'बंद करायचं'. आणि उघडायला सत्तावीसच्या सत्तावीस देशांचा होकार, बंद करायला पुन्हा सत्तावीसांचा. शेवटी करार, त्यावर सह्या, मग प्रत्येक देशाची मंजुरी. एकाने जरी हात आखडला — थांबा!

सगळ्यांत शेवटी आत गेला तो क्रोएशिया, २०१३ साली. त्यानंतर कोणीच नाही. बाकीचे दारात.

घरी येऊन जाईला सांगत सुटले. ती म्हणाली, "आई, ब्रीद."

२८ जानेवारी

मॅसिडोनियाने नाव बदललं!

म्हणजे हे जगाला माहीत असणार, मलाच नव्हतं. शेजारच्या ग्रीसचं म्हणणं, मॅसिडोनिया हा आमचा प्रांत, ते नाव तुम्ही लावायचं नाही. वर्षानुवर्षं अडवून धरलं. शेवटी २०१९मध्ये यांनी नाव केलं उत्तर मॅसिडोनिया. आख्ख्या देशाने! पाट्या, पासपोर्ट, सगळं. आता घेतील म्हणून दाराशी गेले, तर दुसरा शेजारी उठला — बल्गेरिया. तुमची भाषा आमच्याच भाषेचं रूप, इतिहास आमचा, आणि तुमच्याकडे आमची माणसं राहतात त्यांचं नाव तुमच्या घटनेत घाला. मग बघू.

२००५पासून उमेदवार. जाईच्या जन्माआधीपासून!

मी पुस्तक मिटून बसले जरा. मला माझं ताट आठवलं. लग्नात तांदळात विक्रमने अंगठीने 'छाया' लिहिलं. तोवर मी प्रमोदिनी होते. कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही, आमच्याकडे तसंच होतं. विक्रमने नंतर महाबळेश्वरला घाबरत विचारलं होतं, "आवडलं ना?" मी हो म्हटलं. त्याचा चेहरा बघून खरंच आवडलं. आता साताऱ्याहून आईचा फोन आला की तेवढ्यापुरती मी 'प्रमू'. बाकी जग छाया म्हणतं.

जिनेतला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. इथे क्युबेकमध्ये लग्नाने बाईचं नाव बदलत नाही, कायदाच आहे. "पहिलं नावसुद्धा? मों दिय!" जेवणाच्या सुट्टीभर तेच.

३० जानेवारी

जाईने आज खोलीच्या दारावर मॅसिडोनियाचा झेंडा लावला. लाल, पिवळा सूर्य. चढली गाडी!

२ फेब्रुवारी, रविवार

सराव हवा होता. समोर बल्गेरिया होऊन कोणीतरी अडवायला हवं. मी बसले. पाच मिनिटांत जाईने हात टेकले.

"आई, यू अग्री विथ एव्हरीबडी! यू आर युजलेस ॲज बल्गेरिया."

खरंच. ती बोलली की मला पटतच होतं.

मी हळूच म्हटलं, नंदन काकाला विचारू? ऑफिसात दिवसभर लोकांना 'हे जमणार नाही' सांगणं हेच त्याचं काम. ती भिंतीकडे बघत राहिली. "वन टाइम."

व्हिडिओवर आला. आणि काय आला! चष्मा नाकावर, समोर कागद. "मॅडम, तुमच्या शाळेचं इतिहासाचं पुस्तक मी वाचलं. पान कितीवं सांगू?" जाईने उत्तर दिलं. "पुरे नाही." तिने आणखी दिलं. "तेही पुरे नाही." ती उठून उभी राहिली, हातवारे करत मराठीवर आली — रागात ती मराठीवर येते! "आम्ही नाव बदललं! अजून काय बदलू? तोंड?"

"बघू," हा शांतपणे म्हणतो, "विचार करून कळवतो."

फोन बंद झाला तर गाल लाल. "ही इज सो अनॉइंग!" मग पाण्याचा ग्लास रिकामा करून — "नेक्स्ट संडे कॅन ही?"

मी धुतलेली कढई पुन्हा धुतली.

९ फेब्रुवारी

आज दीड तास भांडले दोघं. मी मध्ये चहा घेऊन गेले तर जाई म्हणते, "आई, नॉट नाउ, वी आर इन सेशन!" आनंदाने बाहेर काढली गेले.

१६ फेब्रुवारी, रविवार

बर्फ! गुरुवारी एवढं पडून गेलं, आज पुन्हा. समोरच्यांची गाडी दिसतच नाही, नुसता फुगवटा. नंदन सकाळीच समोरासमोर सरावासाठी आला होता — आता परत जाणं अशक्य. उद्या त्यांच्याकडे ओंटारिओत फॅमिली डेची सुट्टी, त्यामुळे घाई नाही. बेसमेंटमध्ये गादी घातली. जाईनेच उशी नेऊन दिली. उशी!

तिघांनी पिठलंभात खाल्ला. जाई म्हणाली, "बल्गेरिया गेट्स द बर्न्ट पार्ट." खरवड त्याने आवडीने घेतली.

मला आज सांगायचं होतं तिला. उद्या सांगते. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी

माझीच चूक. सगळी माझी.

सकाळी नंदन बर्फ शोव्हल करायला निघाला. त्याचे बूट कालचे ओलेच होते. मी पोह्यांना फोडणी घालत होते, ओरडले, "दारातले घाल ना!" तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "हो हो."

दारातले म्हणजे विक्रमचे. तपकिरी. रबरी मॅटवर सहा हिवाळे तसेच उभे. पुसायला उचलते, पुसते, पुन्हा तिथेच ठेवते. हात इतका सरावलाय की तोंडातून 'दारातले' निघून गेलं. जसे कोणाचेही असावेत!

जाई वरून उतरली, खिडकीशी गेली. ड्राइव्ह-वेवर पाठमोरा माणूस, वाकलेला, पायात ते बूट.

दार उघडून इतकंच म्हणाली, "टेक देम ऑफ."

तो बर्फात उभा राहिला आणि तिथेच काढले त्याने. मोज्यांवर आत आला. रस्ता मोकळा होताच ओल्या बुटांत पाय घालून गेला.

बूट मॅटवर आहेत. पण ओले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

१८ फेब्रुवारी

झेंड्याचं दार बंद. जेवायला आली नाही. विचारलं तर, "आय एम नॉट हंग्री."

१९ फेब्रुवारी

नंदनचा मेसेज: "मी थांबतो. घाई नाही. तिला वेळ दे." हे वाचून मला त्याचा राग आला. का, माहीत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. सगळं.

गाडीत सांगितलं, ग्रोसरीला जाताना — समोर बघत बोलता येतं म्हणून. की बूट घाल म्हणून मीच म्हटलं होतं. "आय नो. आय हर्ड यू." म्हणजे तिला माहीत होतं! मग एक जानेवारीचं. तो काय म्हणाला, मी काय म्हटलं. की तू हो म्हणेपर्यंत नाही.

सिग्नल हिरवा झाला तरी मला कळलं नाही. मागच्याने हॉर्न दिला.

मला वाटलं ती म्हणेल, नाही. ती म्हणाली, "सो यू बोथ आर जस्ट… वेटिंग? ऑन मी?"

"हो."

"आई, दॅट इज अ लॉट." आणि मग, मराठीत, "मी काय बल्गेरिया आहे का?"

मला हसू आलं. तिलाही, पण तिने खिडकीकडे तोंड केलं. दूध आणायचं विसरून आलो.

१ मार्च

आज विक्रमची तारीख. शिरा केला, बेदाणे जास्त — त्याला लागायचे. जाईने फोटोसमोर वाटी ठेवली आणि जेवताना आपणहून बोलायला लागली. सभेबद्दल!

म्हणे, इतके दिवस मी बल्गेरियाला नुसता दुष्ट समजत होते. पण नाव घाला म्हणजे काय मागतोय तो? की आमची माणसंही इथे आहेत, हे लिहून द्या. "दे जस्ट वॉन्ट टु बी रिटन डाउन, आई." मग म्हणाली, अर्थात, तरीही तो खूप छळतो.

शिरा संपवून वर गेली आणि एक कागद आणला. टाइप केलेला. वर शीर्षक — 'अटी'. मराठीत. 'अटी'ची वेलांटी चुकलेली, मी तशीच राहू दिली.

एक — बाबांचा विषय निघाला की कोणी गप्प व्हायचं नाही.

दोन — एक मार्चला शिरा होणार आणि सगळ्यांनी खायचा. बेदाण्यांसकट.

तीन — आईला काय नावाने हाक मारायची ते आई ठरवेल.

तिसरी वाचून मी वर बघितलं. "व्हॉट? तू पुस्तकात नाव बदलल्याच्या पानाला खूण करून ठेवली होतीस. आणि आजी तुला प्रमू म्हणते तेव्हा तुझा आवाजच बदलतो."

माझ्या पोटच्या पोरीने माझी तपासणी करून ठेवली आणि मला पत्ताच नाही.

२ मार्च

कागदाचा फोटो नंदनला पाठवला. तासाभराने परत आला. तिन्ही अटींसमोर सही. खाली त्याने पेनाने स्वतःची चौथी घातली — 'बर्फ काढायला येणाऱ्याने स्वतःचे कोरडे बूट सोबत आणावेत.'

जाई हसली. मोठ्याने! मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "फाइन. चॅप्टर ओपन. नॉट क्लोज्ड!"

ओपन!! मी बेसमेंटमध्ये जाऊन वॉशिंग मशीनच्या आवाजात नाचले. खरंच नाचले.

१५ मार्च, ओटावा

हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं, प्रत्येकासमोर देशाची पाटी. माझा काळा ब्लेझर जाईला मोठा होतो, बाह्या दुमडलेल्या. मी मागच्या रांगेत, शेजारी नंदन. तिच्याहून जास्त घाम आम्हा दोघांना.

काय बोलली! ना विनवण्या ना रडगाणं. "वी चेंज्ड अवर नेम फॉर यू. टेल अस व्हॉट यू नीड टु फील सेफ, अँड वी विल टेल यू व्हॉट वी कान्ट गिव्ह." नंदन कुजबुजला, "हे मी नाही शिकवलं."

मत झालं. एकेक पाटी वर. मी बोटांवर मोजत होते — चोवीस, पंचवीस, सव्वीस.

सत्ताविसावी पाटी टेबलावरच. बल्गेरिया. शेरब्रुकची एक मुलगी, लाल चष्मा, जरा घाबरलेली, पण हलली नाही.

सव्वीस हो, एक नाही. संपलं.

मला वाटलं जाई कोसळेल. ती धावत आली ती उड्या मारतच! "आई, शी वॉज सो गुड! शी रेड एव्हरीथिंग!" आता दोघी उद्याच्या सत्रासाठी नवीन मसुदा लिहीत बसल्यात. आणि नंदन रागावलाय शेरब्रुकच्या मुलीवर. "अडवायलाही काही कारण लागतं ना!" स्वतः दीड महिना काय केलं, विसरला.

१६ मार्च

मसुदा दोन-चार पाट्यांनी पुन्हा अडला, वेळ संपली. कोणालाच वाईट वाटलेलं दिसलं नाही. पुढच्या वर्षीची मुलं इथून पुढे सुरू करतील म्हणे. खऱ्यातही तसंच!

परतण्याआधी ओटावाच्या कडेला, कानाटाला, नंदनच्या कॉन्डोत जेवलो. इतक्या दिवसांत आम्ही दोघी पहिल्यांदाच तिथे गेलो — नेहमी तोच येतो. स्वच्छ. ओट्याला लागून एकच खुर्ची. एकच! जाई माझ्याकडे बघत होती, मी खुर्चीकडे. आम्ही दोघी उभ्याने जेवलो, तो तर वाढतच होता.

जेवताना जाईने नॉर्वेचं सांगितलं. अर्ज, वाटाघाटी, करार, सगळं झालं. सगळे सदस्य हो म्हणाले. आणि मग नॉर्वेच्याच लोकांनी मत दिलं — नाही! एकदा नव्हे, दोनदा. "इमॅजिन, आई. द डोअर वॉज ओपन. अँड दे सेड नो."

नंदनने माझ्या ताटात आणखी भात वाढला. माझ्याकडे बघितलं नाही.

२९ मार्च, शनिवार

दोन गोष्टी. त्याही एकाच दिवशी!

सस्काटूनच्या युनिव्हर्सिटीतून जाईला प्रवेशाचं पत्र आलं. मातीचा अभ्यास. ऑगस्टच्या शेवटी जाणार. ओरडलो, मिठ्या मारल्या, साताऱ्याला फोन केला. आईने विचारलं, "माती इथे कमी होती का गं?"

दुसरी. बाहेर बर्फाळ चिखल, पाऊस. जाई कॅफेत कामाला निघाली. मॅटपाशी बसून मोज्यांवर मोजे चढवले आणि विक्रमच्या बुटांत पाय घातले. नाड्या करकचून बांधल्या.

"हे मी नेणार. सस्काटूनला. देअर इट्स मायनस फॉर्टी." मग दारात वळून, "चॅप्टर क्लोज्ड, आई. माझी सही झाली. आता तू या मॅटची राखण करत बसू नकोस."

गेली. फताड् फताड् पावलं टाकत, कोपऱ्यापर्यंत.

मॅटवर दोन फिकट ठसे. कोरडे. मी पुसले नाहीत.

सगळ्यांनी सह्या केल्या की. मला आनंद व्हायला हवा आणि मी अशी का बसलेय? तीन महिने जाईच्या होकाराकडे बघत होते. माझा होकार कोणी मागितलाच नव्हता — मीसुद्धा नाही. लग्नाला हो, हे कधीपासूनच. पण या घरात, या दारात, पुन्हा मीच सगळं होतं तिथे ठेवत बसणार आणि तो बिचारा जपून पावलं टाकत राहणार? ते नको. ते मला नको!

३० मार्च, रविवार

सकाळी चहाआधी फोन केला. म्हटलं, "नंदन, तू येऊ नकोस."

मग अगदी हळू, "नॉर्वे?"

"नाही रे! मी येते. तिकडे. अजून दोन खुर्च्या आण — जाई सुट्टीत येईल."

तो रडला की हसला, कळलं नाही. नाक ओढत विचारलं, "लग्नाच्या अर्जावर तुझं नाव काय घालू?"

मी सांगितलं — प्रमोदिनी.